तिसरं कोटेशन

मनालीने पुरवठादारांची यादी समोर ओढली, ‘गावदेवी वूड वर्क्स, नारपोली’ या ओळीवर बोट ठेवलं आणि टेबलावरच्या फोनवर एकेक आकडा दाबत गेली. आकडे बघायची खरं तर गरज नव्हती. तो नंबर तिला पहिलीत असल्यापासून पाठ होता. तरी ती कागदाकडेच बघत राहिली, कारण शेजारच्या खुर्चीत कुणाल बसला होता.

पलीकडून आधी करवतीचा आवाज आला. मग करवत थांबली.

“हॅलो?”

“नमस्कार. मानकोलीच्या ऑफिसमधून बोलतेय, परचेस डिपार्टमेंट. पंढरीनाथ तरे आहेत का?”

मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

“आहेत. मीच बोलतोय. बोला मॅडम.”

वडिलांनी आपल्याला मॅडम म्हटलेलं ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. हसू फुटू नये म्हणून तिने खालचा ओठ दातांत धरला आणि कागदावरचं वाचून दाखवलं. माल रचायचे लाकडी पॅलेट, सहाशे नग, बाराशे बाय हजार, चारी बाजूंनी फोर्कलिफ्टचे दात आत जातील असे.

“फळीची जाडी?”

“बावीस मिलिमीटर.”

“खिळे साधे का पिळाचे?”

हे कागदावर नव्हतं. तिने रिसीव्हरवर हात ठेवून कुणालला विचारलं. “पिळाचे,” तो संगणकातून मान न काढता म्हणाला.

“गाडीभाडं धरून सांगायचं ना मॅडम? बरं. कधीपर्यंत पाहिजे?”

“परवा पाच वाजेपर्यंत. लेटरहेडवर, सही-शिक्का करून.”

“पोचतं करतो. आठवण ठेवलीत, धन्यवाद.”

रिसीव्हर ठेवल्यावरही ती थोडा वेळ फोनकडे बघत राहिली. नोकरीला लागून तिला पाच महिने झाले होते आणि पॅलेटची चौकशी पहिल्यांदाच निघाली होती. हा फोन आपल्याच हातून जावा अशी तिची मनातून फार इच्छा होती.

लागताना एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, कंपनीच्या पुरवठादारांमध्ये तुमचे कोणी नातेवाईक आहेत का? तो कागद घेऊन ती घराखालच्या गाळ्यात बाबांकडे गेली होती. बाबा हसले होते. “मी कुठला पुरवठादार? नऊ वरसांत एक नग दिला न्हाय त्यांना. न्हाय म्हणून लिही.” मग थोड्या वेळाने गंभीर होऊन म्हणाले होते, “आन् सांगू पण नको कुणाला. उद्या काम मिळालं तर लोक म्हणतील, पोरीच्या वशिल्यानं मिळवलं.” नारपोलीत तरे आडनावाची पन्नासेक घरं. ऑफिसात कोणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि कल्याणहून येणाऱ्या कुणालला तर नव्हतंच.

“म्हातारा चांगला आहे ना?” कुणाल म्हणाला. “कधीच नाही म्हणत नाही. त्यांचा कागद आला की फाईलला लाव. बाकी दोघांचे आजच येतील. ऑर्डर आपल्या पडघ्यावाल्याला जाईल.”

“कोटेशनं यायच्या आधीच?”

कुणालने खुर्ची तिच्याकडे वळवली. तो काम शिकवणारा माणूस होता, शिकवताना कधी चिडत नसे. “पाच लाखांच्या वरची खरेदी असली की तीन कोटेशनं लागतात. नियमच आहे. एक ज्याच्याकडून घ्यायचंय त्याचं. एक त्याच्या जोडीला, जरा जास्त दराचं. आणि तिसरं…” त्याने फोनकडे मान हलवली. “तिसरं यांचं. यांचा दर नेहमीच वर असतो, त्यामुळे प्रश्न येत नाही. जुनी फाईल बघ, म्हणजे कळेल कसं लावायचं.”

तिने कपाटातून फाईल काढली. गावदेवीच्या निळ्या लेटरहेडचे अकरा कागद निघाले. शब्दाखाली रेघ ओढायची बाबांची सवय, ‘दर’मधल्या ‘र’ची लांबलेली शेपटी. सगळ्यांत तळाच्या कागदावरचं अक्षर मात्र वेगळं होतं, गोल गोल आणि शाळकरी. ते तिचं स्वतःचं होतं. तेव्हा ती दहावीत होती. बाबांच्या अंगठ्याला करवत लागली होती आणि ते सांगत होते तसं तिने लिहून घेतलं होतं. कापड विणायच्या लूमचे लाकडी भाग करण्याचा बाबांचा धंदा त्या वर्षी बसत चालला होता. जुने लूम भंगारात निघत होते आणि मानकोलीच्या बाजूला गोदामांवर गोदामं उठत होती. अशात एवढ्या मोठ्या कंपनीने दर विचारला, म्हणून आईने त्या दिवशी शेवयांची खीर केली होती.

तिने कागद जसेच्या तसे लावले आणि फाईल बंद केली.

संध्याकाळी शेअर रिक्षाने ती धामणकर नाक्याला उतरली आणि नेहमीप्रमाणे चालत घरी आली. गाळ्याला कुलूप होतं. आई ओट्याशी तांदळाची भाकरी थापत होती.

“आज तुझ्या बापसाला काय झालंय समजत न्हाय,” आई म्हणाली. “दुपारी कुणाचातरी फोन आला म्हणं. तेव्हापासून पाय जमिनीला न्हाईत. जेवला पण न्हाय. चिंधूला घेऊन वखारी पालथ्या घालतोय.”

चिंधू म्हणजे बाबांच्या हाताखालचा जुना सुतार. लूमच्या दिवसांत असे सहा जण होते. आता तो एकटाच उरला होता.

बाबा आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता. हातपाय धुऊन ते ताटावर बसले आणि मनालीकडे न बघता आईला सांगायला लागले. “तीन वखारी फिरलो, तेव्हा फळीचा भाव उतरवला. टेम्पोवाला म्हणाला, मामा, मी पण कमी करतो. चिंधू म्हणाला, सहाशे नग आले तर मी आणखी चार माणसं गावातून आणतो, तुम्ही काळजी करू नका. या खेपेला जमतंय बघ.”

“बाबा,” मनाली म्हणाली, “इतकं धावू नका. नुसतं कोटेशन तर आहे.”

“नुसतं?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांचे डोळे हसत होते. “तू तिकडची, मी इकडचा. कंपनीचं घरात बोलायचं न्हाय.”

सांगायचं तर आताच, असं तिला वाटलं. शब्द जुळवायला ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. त्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडंच उगवत होतं. आईने तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “नको” म्हणायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. “मॅडम, वो पॅलेटवाले चाचा आए हैं।”

बाबांनी लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला होता. तो सकाळी घरात इस्त्री होताना तिने पाहिला होता आणि काही विचारलं नव्हतं. काउंटरपाशी येऊन त्यांनी लिफाफा दोन्ही हातांनी पुढे केला.

“मॅडम, कोटेशन. आणि या नकलेवर मिळाल्याची सही द्या.”

तिने सही केली. ती होईपर्यंत बाबा तिची खुर्ची बघत होते, संगणक बघत होते, डोक्यावरचा एसी बघत होते. टेबलावर तिच्या नावाची छोटी पाटी होती. ती त्यांनी ओठ हलवत वाचली. मग नक्कल घडी करून खिशात ठेवली, कुणाललाही नमस्कार केला आणि मागे वळून न बघता निघून गेले.

पाच वाजता कुणालने तिन्ही लिफाफे फोडले. पडघ्याचा दर एक हजार दहा. दुसऱ्याचा एक हजार साठ. तिसरा कागद त्याने वाचला आणि चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.

“नऊशे चाळीस? चुकलं असेल.”

ते चुकलेलं नव्हतं. फळीचा भाव तिला माहीत होता, टेम्पोचं भाडं माहीत होतं, चिंधूची हजेरी माहीत होती. ते सगळं नऊशे चाळीसमध्ये बसत होतं. बाबांनी स्वतःची मजुरी मात्र कुठेच धरली नव्हती.

“सगळ्यांत कमी आहे,” ती म्हणाली. “मग त्यांनाच देऊया ना.”

“कसं देणार?” कुणालचा आवाज चढला नाही. “दहा दिवसांत सहाशे नग पाहिजेत. दोन माणसांचा गाळा आहे तो. उद्या माल अडकला की वरून मला विचारणार, ज्याने कधी एक पॅलेट दिलं नाही त्याच्यावर कसा विश्वास ठेवलास? पडघ्यावाला रात्रीत गाडी पाठवतो. तुटलेलं पॅलेट दुसऱ्या दिवशी बदलून देतो.” त्याने कागद तिच्याकडे सरकवला. “पण हा फाईलला लागला तर पडघ्याला देता येणार नाही. त्यांना फोन कर. मागच्यासारखं करून आणा म्हण. त्यांना कळतं.”

“मागच्यासारखं म्हणजे?”

“अगं, पहिल्या दोनचार वेळा त्यांनी असंच कमी लिहून आणलं होतं. आधीचे साहेब फोन करून वाढवून मागायचे. पुढे ते स्वतःच वरचा दर आणायला लागले.”

मनालीने फोनकडे हात नेला नाही. ते माझे वडील आहेत, एवढे चार शब्द होते. पण ते उच्चारले की कोटेशन बाद होणार होतं. आणि पहिला प्रश्न निघाला असता की वडिलांचा दर नेमका सगळ्यांच्या खाली कसा आला? पोरीने आतून बाकीच्यांचे दर सांगितले का? नऊ वर्षं ज्यांनी एक रुपयाचं काम मिळवलं नाही ते एका दुपारीत लबाड ठरले असते.

“मी करू का?” कुणालने विचारलं.

“नको. मी करते.”

या वेळी करवतीचा आवाज नव्हता. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“बोला मॅडम.”

“ते कोटेशन…” ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने मनात तयार केलेलं होतं, पण ते तोंडातून येईना.

बाजूच्या लूमचा खडखडाट रिसीव्हरमधून स्पष्ट ऐकू येत होता.

“वाढवून पाहिजे का?” बाबांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला माप विचारावं तसा.

“हो.”

“किती लिहू?”

कुणालने एका चिठ्ठीवर आकडा लिहून तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचून दाखवला. “अकराशे पंचवीस.”

“अकराशे पंचवीस,” बाबांनी लिहिता लिहिता म्हटलं. “उद्या सकाळी आणून देतो.” मग आवाज खाली आला. “जेवलीस का गो?”

“हो,” ती म्हणाली.

“बरं. ठेवतो मॅडम.”

त्या संध्याकाळी ती घरात न जाता आधी गाळ्यात गेली. चिंधू घरी गेला होता. बाबा रंध्याच्या बाकावर लेटरहेड ठेवून नवा कागद लिहीत होते. बाजूला एक पॅलेट भिंतीला उभं केलेलं होतं, ताज्या लाकडाचं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. नमुना मागितला तर दाखवायला केलं असावं. तिने त्यावरून हात फिरवला. एकही कुसळ टोचलं नाही.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“की ते तुमचा कागद फक्त फाईलला लावतात.”

त्यांनी शिक्का कागदावर टेकवला, नीट दाबला, उचलून बघितला. “असं कोणी तोंडावर सांगत न्हाय,” ते म्हणाले. “वाढवून द्या म्हणायचे, मी द्यायचो. मला वाटायचं, माणूस एकदा मागंल, दोनदा मागंल. तिसऱ्यांदा त्यालाच वाटंल, या माणसाला आपण किती वेळा राबवला, एखादं काम देऊया.”

“नऊ वर्षं?”

“वरसं मोजत कोण बसतंय.”

ती पॅलेटला टेकून उभी राहिली. गाळ्यात लाकडाचा गोडसर वास भरून राहिला होता. लहानपणी शाळेतून आल्यावर ती याच वासात अभ्यास करायची.

“मग या वेळी इतका कमी का लिहिलात? स्वतःची मजुरीसुद्धा धरली नाहीत.”

बाबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि नव्याने सरळ घातली.

“या वेळेला तू मागितलंस,” ते म्हणाले. “पोरीला खोटा दर कसा द्यायचा?”

मनालीने तोंड भिंतीकडे वळवलं. बाबांनीही मग तिच्याकडे बघितलं नाही. झाडू घेऊन ते बाकाखालचा भुसा गोळा करायला लागले. तो गोळा करून झाला तरी त्याच जागेवर झाडू फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराशे पंचवीसचा कागद फाईलला लागला. ऑर्डर पडघ्याला गेली. जुना कागद कुणालने तिला फाडायला दिला. तिने तो चार घड्या घालून पर्समध्ये टाकला.

आठवडाभराने सहाशे पॅलेट येऊन पडले. त्या दिवशी तिने तो नातेवाइकांचा फॉर्म पुन्हा मागून घेतला, ‘नाही’वर रेघ मारली, ‘वडील’ असं लिहून सही केली आणि कुणालपुढे ठेवला. कुणाल बराच वेळ ते वाचत होता, एका शब्दाला जितका वेळ लागतो त्याहून कितीतरी जास्त.

“त्या दिवशी मी तुला फोन करायला लावला,” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

त्याने मान खाली घालून संगणकावरची यादी उघडली आणि गावदेवीची ओळ पुसून टाकली. आता कोणी त्यांना फोन करणार नाही, वाढवून द्या म्हणणार नाही, इस्त्रीच्या शर्टात या गेटवर यायला लावणार नाही. या विचाराने तिला त्या दिवशी जरा बरं वाटलं. घरी यातलं तिने काहीच सांगितलं नाही.

गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीचा माल यायला लागला तशी पॅलेटची चौकशी पुन्हा निघाली. “तिसरं कोणाचं घेऊया?” कुणालने विचारलं, आणि मग स्वतःच दुसरीकडे बघायला लागला. मनालीने कोनगावच्या एका सुताराचा नंबर शोधून काढला. फोन बाईने उचलला आणि तोंड बाजूला करून कोणाला तरी हाक मारली, “अवो, लवकर या, कंपनीतून फोन हाय!” मनालीने माप सांगितलं, नग सांगितले, तारीख सांगितली. ठेवताना पलीकडच्या माणसाने तिचे दोनदा आभार मानले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती चहा घेऊन गाळ्यात गेली. बाबा मांडी घालून बसले होते आणि करवतीच्या पात्याला कानस लावत होते. रविवार असून चिंधूही आला होता आणि कोपऱ्यात विडी ओढत बसला होता. त्याच्यापुढेही काही काम दिसत नव्हतं.

“रस्त्याला कंटेनर किती लागलेत,” बाबा म्हणाले. “तुमच्याकडं माल वाढला असंल.”

“वाढलाय.”

“पॅलेट लागले न्हाईत अजून?”

“लागले असतील,” ती म्हणाली. “ते काम आता माझ्याकडे नाही, बाबा.”

त्यांनी मान हलवली. कानस दोनतीन दातांवरून फिरली आणि थांबली.

“मग एक करशील? तुझ्या त्या कुणाल साहेबाला विचार, राग आला का म्हणावं. मागच्या खेपेला मी एकदम खालचा दर लिहिला. त्यांची पंचाईत झाली असंल. म्हणून फोन येत न्हाय.” ते पात्याकडेच बघत बोलत होते. “त्याला म्हणावं, पुढच्या वेळेला मी पहिल्यापासूनच वाढवून लिहीन. परत फोन करायला लागणार न्हाय.”

त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मनालीने चहाचा कप त्यांच्या शेजारी फळीवर ठेवला.

“सांगते,” ती म्हणाली.

“आठवणीनं सांग गो,” बाबा म्हणाले आणि पातं उलटं करून दुसऱ्या बाजूच्या दातांना कानस लावायला लागले.